पाहुण्यांची शाबासकी

चित्रांविषयी लिहिण्याचा मला जुना नाद आहे. मुंबईत एखादे प्रदर्शन भरले की मी तासभर भिंतीशी रेंगाळतो, घरी येऊन दोन पाने खरडतो, आणि त्या दोन पानांपायी आजवर तीन-चार चित्रकारांनी माझ्याशी बोलणे टाकले आहे. त्याचे मला वाईट वाटते, पण इलाज नाही. जे रंग फिके वाटले ते फिके म्हणायचे, जी रेघ उसनी वाटली ती उसनी म्हणायची, एवढाच या धंद्याचा धर्म. हा धर्म मी मुंबईबाहेर पडलो की बासनात गुंडाळून ठेवतो, हे मात्र मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. ते गेल्या मे महिन्यात सावंतवाडीच्या चितार आळीत आमच्या सौभाग्यवतींनी लक्षात आणून दिले.

सुट्टीत दक्षिण कोकणात जायचे ठरले, तेव्हा समुद्र, आंबे आणि माशाची आमटी एवढ्यावर घरच्यांचे समाधान झाले असते. पण मी हट्ट धरला की या वेळी तिथले कलावंत त्यांच्या कामाच्या जागी बसून पाहायचे. देखावे काय, आगगाडीच्या खिडकीतूनही दिसतात. कोकण रेल्वे 1998 साली पुरी सुरू झाली, तेव्हापासून तर बोगदे आणि दऱ्या यांचा खेळ घरबसल्या पाहिल्यासारखा झाला आहे. तेव्हा मी, सौ. आणि दहा वर्षांचा पुतण्या असे तिघे 'सावंतवाडी रोड' स्थानकावर उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चितार आळीत शिरलो.

ही आळी लाकडी खेळण्यांसाठी आणि लाखकामासाठी प्रसिद्ध आहे. दुकानाच्या मागे किंवा माडीवर काम चाललेले असते. पांगाऱ्याचे लाकूड वजनाला हलके आणि हत्याराला मऊ. त्याचे ओंडके तासून, घासून, वर रंगाचे हात देऊन आंबे, केळी, सीताफळे, वांगी, मिरच्या असा सगळा बाजार तिथे मांडलेला असतो. पुतण्याने एक आंबा उचलून नाकाशी नेला. कारागीर हसले. मी म्हणालो, "छान! फारच छान!" पुढच्या दुकानात पाळण्यावर टांगायची चिमणाळी पाहिली, तिथेही म्हणालो, "छान!" तिसऱ्या ठिकाणी पाट पाहिले, चौथ्या ठिकाणी बाहुली. अखेर सौ. मला हळूच म्हणाली, "अहो, सकाळपासून सतरा वेळा 'छान' म्हणालात. मुंबईत वर्षभरात इतक्या वेळा म्हणत नाही."

मी म्हणालो, "अगं, साधी माणसे आहेत. हाताने करतात. पिढ्यान् पिढ्या करीत आली आहेत."

"म्हणजे चित्र आवडले नाही, दया आली म्हणा की."

मला राग आला. पण त्या रागाला बसायला जागा मिळाली नाही, कारण तेवढ्यात एक गोष्ट घडली. आम्ही ज्या कारागिरांसमोर उभे होतो, त्यांनी तयार केळ्यांच्या फणीतून एक केळे उचलले, उजेडाकडे धरले आणि बाजूच्या टोपलीत टाकले. मघाशी मी ज्या केळ्यांना छान म्हटले होते, त्यांतलेच ते एक. पुतण्याने विचारले, "आजोबा, ते का टाकलंत?" त्यांनी ते पुन्हा हातात घेतले आणि म्हणाले, "ह्या केळ्याचो देठ बघ. घडातसून तोडलेलो वाटता?"

देठाकडे पाहिले. देठ गुळगुळीत, कांडीसारखा सरळ, शेवटाला नीट काळा रंगवलेला होता. खऱ्या केळ्याचा देठ तोडला की चिरफळतो, तिथे पिवळा आणि काळा यांच्यामध्ये एक मळकट तपकिरी पट्टा असतो. इतर केळ्यांना तो होता. मी रंगांवर लिहिणारा माणूस, आणि तो फरक मला दिसला नव्हता. दिसला नव्हता म्हणण्यापेक्षा, मी पाहिलेच नव्हते. 'छान' म्हणायचे आधीच ठरवून आलेल्या माणसाला पाहण्याची गरज कुठे असते?

त्या देठाने मी थोडा शुद्धीवर आलो, आणि पुढचे दोन दिवस जरा जपून पाहू लागलो.

सावंतवाडीला आल्यावर राजवाडा पाहावाच लागतो. मोती तलावाकाठची ती तांबड्या चिऱ्याची इमारत, आणि आत गंजिफा रंगविणारी माणसे. गंजिफा म्हणजे गोल आकाराचे पत्ते, हे पुष्कळांना ठाऊक असते. हा खेळ मोगलांच्या काळात आपल्याकडे रुजला. 1527 साली बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफेत आठ रंगांचे 96 पत्ते. आपल्याकडे त्यांचे दशावतार झाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्यापासून दश्श्यापर्यंत दहा पाने, म्हणजे एकूण 120 पत्ते. पूर्वी जुन्या कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवून, घोटून, गोल कापून हे पत्ते तयार करीत.

1970 च्या सुमारास ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी त्यांच्याकडून ती स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसविले, आणि बुडता धंदा वर काढला. शिवरामराजे 1995 साली गेले, सत्त्वशीलादेवी 2018 साली. राजाने कलावंताला आश्रय दिला ही गोष्ट आपण पुष्कळ ऐकतो. राजा-राणीने कलावंतापुढे शिष्य म्हणून बसावे, ही त्याहून दुर्मीळ.

गावातल्या एका दुकानातून मी दशावतारी गंजिफेचा एक संच घेतला. खिशाला चांगलाच चटका बसला. दुकानदार म्हणाले, "काचेच्या चौकटीत लावा. दिवाणखान्यात उठून दिसेल." पुष्कळ गिऱ्हाइके तेच करतात. दहा राजे चौकटीत जातात आणि उरलेली पाने डबीत राहतात. पण आम्ही तिघे होतो, आणि दशावतारी खेळायला तिघेच लागतात, प्रत्येकी चाळीस पाने. तेव्हा रात्री बिऱ्हाडी चटई टाकून आम्ही डाव मांडला.

वाचकहो, कलेची परीक्षा करायला चटईसारखी जागा नाही. या खेळात उतरणीचा क्रम सगळ्या रंगांत सारखा नसतो. मत्स्य ते वामन या पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्श्या मोठा, आणि पुढच्या पाच रंगांत एक्का मोठा. हातात चाळीस गोल पाने, त्यांची कड तेवढी दिसते आहे, कंदिलाएवढा उजेड. अशा वेळी राजाचे मुकुट आणि प्रधानाचा घोडा यांच्याकडे कोण पाहतो? डोळे शोधतात ती साधी पाने. मासे आठ आहेत की नऊ? बाण सहा की सात? आमच्या संचात मासे आणि कासवे अशी मांडली होती की एका नजरेत आकडा कळावा; तीन, तीन आणि दोन. पण पुढच्या काही रंगांत रंगविणाऱ्याने चिन्हांमधली रिकामी जागा वेलबुट्टीने भरून काढली होती. दिसायला ती पाने सर्वांत देखणी. खेळायला बसल्यावर पुतण्याने त्यांतला सत्ता अठ्ठा समजून दोनदा डाव घालवला आणि रडवेला झाला.

ती वेलबुट्टी का आली, याचा मी रात्रभर विचार करीत होतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या सराईत खेळणाऱ्याने तो संच कारागिराच्या दारात नेऊन आपटला असता. "हे काय गिचमिड करून ठेवले आहे?" असे ओरडला असता. तो ओरडणारा गेला. त्याच्या जागी आला तो मी, चौकटीसाठी पत्ते घेणारा, छान म्हणणारा. रिकामी जागा मला रिकामी वाटते, म्हणून कारागिराने माझ्यासाठी ती भरली. चूक त्याच्या हाताची नव्हे. त्याला दाद देणाऱ्या डोळ्याची आहे.

याच गावात 1882 साली सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचा जन्म झाला. ते मुंबईला गेले, जे. जे. कलाशाळेत शिकले, आणि जलरंगातले मोठे चित्रकार झाले. हातात समई घेतलेल्या तरुणीचे त्यांचे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांच्या फटींतून झिरपलेला पाहायला आजही लोक थांबतात. हळदणकरांच्या नशिबी प्रदर्शने आली, पदके आली, त्यांच्याबरोबर टीकाही आली. कोणी त्यांच्या जलरंगाचे गोडवे गायले, तर त्यांची शैली विलायती वळणाची असे म्हणणारेही निघाले. बरे-वाईट कसेही, त्यांच्या चित्राकडे लोकांनी चित्र म्हणून पाहिले. त्यांच्याच गावातल्या चितार आळीच्या वाट्याला मात्र आपण 'परंपरा', 'वारसा', 'बोटांतली जादू' असली मोघम विशेषणे टाकली, आणि पुढे चालते झालो. एकाला आपण कलावंत मानले, दुसऱ्याला प्रेक्षणीय स्थळ.

तिसऱ्या दिवशी आम्ही पिंगुळीला गेलो. कुडाळच्या अलीकडचे हे गाव ठाकर समाजाच्या चित्रकथीसाठी ओळखले जाते. चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवीत कथा सांगणारा. ही कला जुनी. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' ग्रंथात अशा कथेकऱ्यांचा उल्लेख सापडतो. रामायण-महाभारतातले एकेक आख्यान घेऊन त्याची तीस-चाळीस चित्रांची चळत करतात, तिला पोथी म्हणतात. दोन-दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. कथेकरी मांडी घालून बसतो, पोथी उभी धरतो, आणि हुडूक, टाळ व तुणतुणे यांच्या साथीवर गात-बोलत एकेक चित्र पुढे आणतो. अशी चित्रे पुष्कळ वर्षे 'पैठणी चित्रे' या नावाने ओळखली जात होती. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती अवश्य पाहावीत. पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यातच ठाकर कलांचे संग्रहालय मांडले आणि बाहुल्या, पोथ्या, वाद्ये जपली. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पिंगुळीचे नाव सर्वतोमुखी झाले.

जुन्या पोथ्यांतली चित्रे पाहून मी चक्रावलो. बाहेर एवढे हिरवे कोकण पसरलेले, आणि चित्रात त्याचा मागमूस नाही! समुद्र नाही, माडाच्या राया नाहीत. झाड आलेच तर कथेला लागते म्हणून येते. बाकी मागे नुसता कोरा कागद. माणसे बहुतेक एका बाजूला तोंड करून उभी, डोळे केवढे तरी मोठे, काठ काळ्या जाड रेघेचे. मला वाटले, रेघ जोरकस आहे, पण डोळे प्रमाणाबाहेर गेले आहेत, आणि सगळे चेहरे एकसारखे आहेत. या वेळी मी 'छान' म्हणालो नाही. नुसते मनात टिपून ठेवले.

नंतर गावातच एका घरी गेलो. तिथला तरुण मुलगा चित्रे काढतो. पडवीत जमिनीवर पाट, पाटावर कागद, शेजारी करवंट्यांत रंग. त्याने नुकतेच काढलेले एक चित्र दाखविले : अशोकवनातली सीता आणि झाडावर मारुती. मागे निळे डोंगर, सुंदरशी संध्याकाळ, सीतेच्या गालावर छाया-प्रकाशाचे नाजूक काम. एका पाहुण्याने ते विकत मागितले आहे, असे तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुम्ही चित्रांवर लिवतास ना? मगे खरा काय ता सांगा. सगळे चांगला म्हणतत."

मी सौ.कडे पाहिले. ती आढ्याकडे पाहू लागली. मग मी मुंबईचा धर्म बासनातून बाहेर काढला. म्हटले, डोंगर सुबक आहेत, पण ते कुठल्याही दिनदर्शिकेवर सापडतील. सीतेच्या गालावरची छाया छापील चित्रावरून आल्यासारखी वाटते. तिच्या पायाशी येईपर्यंत तुझी तुलाच तिची आठवण राहिलेली नाही. मारुती मात्र तुझा आहे. त्याच्या शेपटीची रेघ एका दमात आली आहे, ती कोणाची उसनी नाही. आणि एकदा तोंड उघडलेच होते, म्हणून हेही सांगितले की तुमच्या जुन्या पोथीतली रेघ मला आवडली, पण डोळे फार मोठे आणि मागची जागा फार ओसाड वाटली.

तो गप्प झाला. मला वाटले, बोलणे टाकणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली. पण त्याने आतून आजोबांना हाक मारली, आणि आमचे बोलणे त्यांना थोडक्यात सांगितले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी घरातली एक जुनी पोथी आणली, तिच्यातले एक चित्र आणि नातवाचे चित्र असे शेजारी शेजारी भिंतीला टेकून उभे केले, आणि मला म्हणाले, "आता खळ्यात जावन बसा."

खळे म्हणजे अंगण. मी वीस पावले मागे जाऊन बसलो. दिवस मावळत आला होता. पडवीत आजोबांनी एक दिवा ठेवला. नातवाच्या चित्रातले डोंगर, संध्याकाळ आणि सीतेचा गाल यांचा तिथून एक निळसर डाग झाला होता; त्यात सीता कुठे आहे हेही सांगता येईना. मारुतीची शेपटी तेवढी ओळखू येत होती. आणि जुन्या चित्रातले ते प्रमाणाबाहेरचे डोळे! ते वीस पावलांवरून माझ्याकडे पाहत होते. कोण कोणाकडे पाहतो आहे, कोण रागावला आहे, कोण नमला आहे, सगळे त्या डोळ्यांवरून आणि काळ्या काठांवरून कळत होते. ही चित्रे देवळाच्या सभामंडपात, समईच्या उजेडात, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला दिसावीत म्हणून काढलेली होती. मी ती खिडकीजवळ नेऊन, वीतभर अंतरावरून तपासली होती.

मग आजोबांनी तुणतुणे घेतले आणि त्या एका चित्रापुरती कथा सांगितली. रान सांगितले, रात्र सांगितली, वारा सांगितला. माझ्या डोळ्यांपुढे कोऱ्या कागदावर रान उभे राहिले. पुतण्या तोंड उघडे टाकून ऐकत होता. कथा थांबवून आजोबा नातवाला म्हणाले, "सगळा चित्रातच काढलंस, तर मगे तोंडान काय सांगतलंस?"

म्हणजे माझे निम्मे खरे ठरले आणि निम्मे साफ चुकले. डोंगर निकामी आहेत हे मी ओळखले होते. पण कोरी जागा ओसाड म्हणालो, ती कथेकऱ्याच्या आवाजासाठी राखलेली होती. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकविले असते? मी नुसते 'छान' म्हणून चहा पिऊन उठलो असतो, तर आजोबा पोथी घेऊन बाहेर आलेच नसते. चुकीची का होईना, पण खरी टीका केली, म्हणून मला उत्तर मिळाले. आणि त्या मुलालाही काही मिळाले असावे. निघताना त्याने विचारले, "शेपटी खरीच बरी इली ना?" मी म्हणालो, "खरीच." या वेळी त्याचा माझ्यावर विश्वास बसला. सकाळपासून त्याच घरात पाच पाहुण्यांनी त्याचे अख्खे चित्र वाखाणले होते, त्याने तो इतका खुलला नव्हता.

त्याने ते चित्र त्या पाहुण्याला विकले की नाही, मला माहीत नाही. विकले असेल तर बरेच झाले. घर चालायला पैसे लागतात, आणि निळे डोंगर खपतात. कलावंताने उपाशी राहून शुद्ध राहावे, असे म्हणण्याचा अधिकार महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेल्या माझ्यासारख्याला नाही. पण विकत घेणाऱ्याच्या अंगी थोडी जबाबदारी येते, एवढे म्हणता येईल. गंजिफा घेतलीत तर चौकटीत लावण्यापूर्वी एकदा तरी खेळा. चित्रकथी पाहिलीत तर एक चित्र उचलून निघू नका. निदान एक आख्यान शेवटपर्यंत ऐका, आणि तेही अंगणात बसून. लाकडी केळे घेतलेत तर देठ पाहा. आणि कोणी खरे काय ते विचारले, तर खरे ते सांगा. आपण चुकलो तर सांगणारा भेटेल.

दिवाळीच्या सुट्टीत पुष्कळ मंडळी कोकणात उतरतील, म्हणून हे लिहिले. आमचा तो संच चौकटीत गेलेला नाही. खेळून खेळून काही पानांच्या कडा आताच मळू लागल्या आहेत, आणि वेलबुट्टीतला सत्ता पुतण्या आता चटकन ओळखतो. यंदा लक्ष्मीपूजन आटोपल्यावर डाव मांडायचा त्याने आतापासून हुकूम सोडला आहे. दशावतारीत दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती येईल तो खेळ सुरू करतो, आणि सूर्य मावळल्यावर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती येईल तो. लक्ष्मीपूजन संध्याकाळचे, म्हणजे मान कृष्णाचा. पुतण्या मात्र म्हणतो की एवढ्या पणत्या लावल्यावर रात्र कसली, रामानेच सुरुवात करावी. या वादाचा निकाल अजून लागलेला नाही.